काही नाही, जाऊ द्या

बाबांवर लिहिलेली माझी गोष्ट मोठ्याने वाचायला सात मिनिटे लागतात. ती लिहायला मला आठ महिने लागले होते, आणि ती पूर्ण झाली आहे असे मला मनापासून वाटत होते. वाचनाच्या कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना मी खोलीचे दार लावून, समोर घड्याळ ठेवून, ती पहिल्यांदा आवाज काढून वाचली. चौथ्या परिच्छेदापर्यंत सगळे नीट चालले. तिथे एक वाक्य होते : “बाबांना ऐकू आले नाही की ते तीनतीनदा विचारत, आणि मी कधीकधी कंटाळून ‘काही नाही, जाऊ द्या’ असे म्हणत असे.” या वाक्यापाशी माझा आवाज एकाएकी घाईला आला. मी ते पुन्हा वाचले, तरी तसेच झाले. तिसऱ्यांदा मुद्दाम सावकाश वाचायचे ठरवले, तरीही ‘कधीकधी’ या शब्दावर जीभ टेकेना. तो शब्द ओझरता उच्चारून ती पुढे निघून गेली. आठ महिन्यांत त्या वाक्यावरून माझी नजर कितीतरी वेळा फिरली असेल आणि नजरेला त्यात काहीही खटकले नव्हते. आवाजाला मात्र ते पहिल्याच फेरीत कळले. ‘कधीकधी’ हे खरे नव्हते. मी ते रोज म्हणत असे.

स्वतःच्या आयुष्यात घडलेल्या छोट्या, खऱ्या गोष्टी लोकांसमोर वाचायच्या आणि त्यांचे ध्वनिमुद्रण पुढे पॉडकास्ट म्हणून ऐकवायचे, या प्रकाराशी माझा संबंध या गोष्टीमुळेच आला. त्याचे स्वरूप अगदी साधे असते. एका संध्याकाळी सात-आठ जण वाचतात. प्रत्येकाला सात मिनिटे मिळतात, त्या वेळेच्या शेवटी एक लहानशी घंटा वाजते आणि हातातले वाक्य पूर्ण करून थांबायचे असते. गोष्ट खरी असली पाहिजे आणि ती वाचणाऱ्याच्याच आयुष्यातली असली पाहिजे, एवढी एकच अट असते. मराठीत आपबीती आणि जगबीती असे दोन नेमके शब्द आहेत. इथे फक्त आपबीतीला जागा आहे. ही अट ऐकायला सोपी वाटते, कारण आपण सगळे दिवसभर आपबीतीच सांगत असतो. पण तीच गोष्ट लिहून काढून, अनोळखी माणसांसमोर उभे राहून, ‘हे असे घडले’ या भरवशावर वाचायची म्हटली की प्रत्येक शब्दाचे वजन बदलते.

या प्रकाराला आजचे रूप देणाऱ्यांमध्ये ‘द मॉथ’ या अमेरिकी संस्थेचे नाव प्रथम घ्यावे लागते. जॉर्ज डॉज ग्रीन या कादंबरीकाराने १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिची सुरुवात केली. आपल्या मूळच्या जॉर्जिया राज्यातल्या एका मैत्रिणीच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत एकमेकांना गोष्टी सांगत बसलेली मंडळी आणि तिथल्या दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग ही आठवण त्यांच्या मनात होती, आणि त्या पतंगांचेच नाव संस्थेला मिळाले. त्यांचा नियम असा की गोष्ट सांगायची, वाचायची नाही. हातात कागद चालत नाही. त्यांच्या खुल्या स्पर्धेत कोण सांगणार हे आलेल्या नावांमधून चिठ्ठी काढून ठरते आणि सांगणाऱ्याला पाच मिनिटे मिळतात. या नियमाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की कागद हा पडदा असतो. तो बाजूला झाला की माणूस समोर येतो.

मला हे पूर्ण पटत नाही, आणि त्याचे कारण मला माझ्या त्या चौथ्या परिच्छेदाने दिले आहे. कागद न घेता सांगताना माणूस श्रोत्यांकडे बघून वाट बदलू शकतो. अवघड जागा जवळ आली की जीभ आपोआप सोयीचा शब्द शोधते, आणि ते कोणाच्याच, सांगणाऱ्याच्याही, लक्षात येत नाही. लिहिलेले वाक्य मात्र हलत नाही. ते जसे आहे तसेच उच्चारावे लागते, आणि ते खोटे असेल तर उच्चारताना आपले आपल्याला ऐकू येते. मी कागद न घेता ती गोष्ट सांगितली असती, तर ‘कधीकधी’ हा शब्द बहुधा कायमचा तिच्यात राहून गेला असता.

वाचण्याच्या परंपरेचेही एक मोठे उदाहरण आहे. पॉल ऑस्टर या कादंबरीकाराने १९९९ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवरून श्रोत्यांना आवाहन केले की तुमच्या आयुष्यातल्या खऱ्या आणि छोट्या गोष्टी लिहून पाठवा, मी त्या वाचून दाखवीन. स्वतः गोष्टी लिहून वाचण्याऐवजी लोकांकडून मागवाव्यात ही कल्पना त्यांची पत्नी, लेखिका सिरी हस्टवेट यांची होती. वर्षभरात चार हजारांहून अधिक गोष्टी आल्या आणि त्यांतल्या १७९ पुढे २००१ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. पाठवणारे बहुतेक लेखक नव्हते. ‘हे माझ्या बाबतीत घडले आहे आणि ते कोणीतरी ऐकावे’ एवढ्याच भावनेने चार हजार माणसे कागद पुढे ओढून बसली, ही गोष्ट मला आजही गलबलून टाकते.

आता बाबांच्या कानांविषयी सांगायला हवे, कारण त्याशिवाय माझी गोष्ट कळणार नाही. उतारवयात येणारा बहिरेपणा दिवा विझावा तसा येत नाही. वरच्या पट्टीतले ध्वनी आधी जातात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख नेमकी त्याच ध्वनींवर अवलंबून असते. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते ऐकू येत राहतात. म्हणून अशा माणसाला कोणीतरी बोलते आहे हे कळते, बोलणाऱ्याचा सूर रागाचा आहे की लाडाचा हेही कळते, पण ‘सात’, ‘हात’ आणि ‘आत’ हे तिन्ही शब्द त्याच्यापर्यंत जवळजवळ सारखेच पोहोचतात. आपण ओरडून बोललो तरी फारसा उपयोग होत नाही, कारण ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच दुबळी राहतात. बाबा म्हणत, “मला ऐकू येतंय गं, कळत नाहीये.” हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने किती अचूक होते ते मला फार उशिरा समजले. तेव्हा मला तो हट्ट वाटत असे. श्रवणयंत्र आणल्यावर प्रश्न मिटेल अशी आमची समजूत होती, पण यंत्र माणसाच्या बोलण्याबरोबर पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज आणि कागदाची सळसळही मोठी करते, आणि त्या गलबल्यातून शब्द निवडून घेण्याचे काम शेवटी मेंदूलाच करावे लागते. चार माणसे एकदम बोलू लागली की बाबा यंत्र काढून खिशात ठेवत.

माझी गोष्ट अशाच एका प्रसंगाची आहे. आम्ही सगळे बसलो होतो, कोणीतरी काहीतरी बोलले, सगळे हसले, आणि अर्ध्या क्षणाने बाबाही हसले. ते आमच्या चेहऱ्यांकडे बघून हसले होते. त्यांना काहीच कळले नव्हते हे मला त्या अर्ध्या क्षणाच्या अंतरामुळे दिसले. मग त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारले, “काय म्हणाली ती?” आणि मी म्हटले, “काही नाही, जाऊ द्या.” एवढीच गोष्ट आहे. ती कोणी मोठ्या कादंबरीत घातली तर एका वाक्यात संपेल, पण सात मिनिटांच्या वाचनात तिला पुरेशी जागा मिळते, आणि माझ्या मते या प्रकाराचे खरे मोल इथेच आहे. जी घटना आत्मचरित्रात घेण्याइतकी मोठी नसते आणि विसरून जाण्याइतकी लहानही नसते, तिला बसायला या सात मिनिटांत हक्काची जागा मिळते.

तयारीच्या त्या दहा दिवसांत मी लेखनाविषयी जे शिकले, ते त्याआधीच्या अनेक वर्षांत शिकले नव्हते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना याचा त्रास होत नाही, कारण डोळा पुढे जाऊन क्रियापद पाहून येऊ शकतो. ऐकणाऱ्याला मात्र कर्ता, कर्म, स्थळ, काळ आणि मधली सगळी विशेषणे ओंजळीत धरून क्रियापदाची वाट पाहावी लागते, आणि वाक्य फार लांबले तर ओंजळीतले अर्धे सांडून जाते. त्याहून मोठी अडचण आदरार्थी बहुवचनाची आहे. “त्यांनी त्यांना सांगितले की त्यांचे कान तपासायला हवेत,” हे माझे वाक्य कागदावर व्यवस्थित वाटत होते, कारण त्याच्या वरच्या ओळीत आई, बाबा आणि डॉक्टर तिघांचाही उल्लेख होता. कानाला वरची ओळ दिसत नाही. ऐकणाऱ्याला कोणी कोणाला सांगितले आणि कोणाचे कान, यांतले काहीच कळले नसते. मी ते “डॉक्टर आईला म्हणाले, यांचे कान तपासून घ्या” असे केले आणि वाक्य ताठ उभे राहिले. सात मिनिटांत माझ्या वेगाने साधारण सातशे शब्द बसतात. माझ्याकडे अकराशे होते. जे चारशे गेले त्यांत जवळजवळ सगळे शब्द मी स्वतःच्या बचावासाठी लिहिलेले होते. मी किती दमलेली असे, घरात किती कामे असत, बाबाही कधीकधी किती चिडत, याचा तो तपशील होता. तो खोटा नव्हता, पण आवाज काढून वाचताना तो वकिलाच्या युक्तिवादासारखा ऐकू येत असे.

खरेपणाची अट किती कडक असावी, यावर लोकांची मते वेगवेगळी असतात. नाट्यमयतेसाठी दोन प्रसंग एकत्र केले तर बिघडले कुठे, असे म्हणणारे अनेक आहेत. मला त्यांना २०१२ सालच्या घटनेची आठवण करून द्यावीशी वाटते. माइक डेझी हा अमेरिकी कलाकार चीनमधल्या कारखान्यांना दिलेल्या भेटीवर रंगमंचावर एकपात्री प्रयोग करत असे. त्या प्रयोगाचा भाग त्या वर्षीच्या जानेवारीत ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमात प्रसारित झाला आणि प्रचंड ऐकला गेला. पुढे रॉब श्मित्झ या वार्ताहराने डेझीच्या चीनमधल्या दुभाषी बाईंना शोधून काढले, आणि डेझीने स्वतः पाहिले म्हणून सांगितलेल्या कित्येक गोष्टी त्याने पाहिल्याच नव्हत्या हे उघड झाले. मार्च महिन्यात त्या कार्यक्रमाने संपूर्ण भाग मागे घेतला आणि काय चुकले ते सांगण्यासाठी पुरा एक तास खर्च केला. रंगभूमीची साधने पत्रकारितेपेक्षा वेगळी असतात, असा बचाव डेझीने केला. मला त्या बचावापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा वाटतो. कारखान्यांतल्या हलाखीच्या काही बातम्या इतर पत्रकारांनी तपासून दिलेल्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या, पण त्या खऱ्या गोष्टींवरही या प्रकरणाची सावली पडली. ‘मी’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीत एक प्रसंग रचलेला निघाला की ऐकणारा मागचे सगळे ऐकलेले पुन्हा तपासू लागतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

मुद्दाम रचणे वेगळे आणि आठवणीने फसवणे वेगळे. माझ्या गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात त्या प्रसंगी खोलीत दिवा लागलेला होता. दिव्याचा उजेड बाबांच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर पडला आहे आणि ते आमच्याकडे बघून हसत आहेत, हे चित्र मला इतके स्पष्ट दिसते की त्यावर शंका घेण्याचे कधी मनातही आले नव्हते. दादाला मी खर्डा वाचायला दिला तेव्हा तो म्हणाला, “अगं, सकाळ होती. मला त्यानंतर कामावर जायचं होतं.” आम्ही दोघांनी बराच वेळ डोके खाजवले. कोणाचे खरे, ते अजून ठरलेले नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर या अंतराळयानाचा स्फोट झाला, त्यानंतर दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे आणि कशी कळली ते लिहून घेतले होते. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना त्याने आणि निकोल हार्श यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांच्या उत्तरांतला एकही मुख्य तपशील त्यांच्या आधीच्या नोंदीशी जुळला नाही, आणि चुकीच्या आठवणी सांगणाऱ्या कित्येकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. चित्र जितके लख्ख, तितके ते खरे, ही माझी समजूत मला त्यानंतर सोडावी लागली. मी दिवा काढून टाकला. अर्ध्या क्षणाने आलेले हसू मात्र दादालाही आठवत होते आणि मलाही, म्हणून ते ठेवले. दिवा गेल्याचे मला वाईट वाटले, कारण ते वाक्य चांगले होते. पण लोकांसमोर उभे राहून मी जे वाचणार आहे त्याची जबाबदारी माझी आहे, वाक्याच्या सौंदर्याची नाही.

बाबांना विचारण्याचे काम मी शेवटपर्यंत लांबवले होते. ते गोष्टीत आहेत, त्यांचे दुबळेपण गोष्टीत आहे, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ते अनोळखी माणसांसमोर ठेवण्याचा मला अधिकार नाही, हे मला कळत होते. याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे की जिवंत माणसाला त्याची गोष्ट आधी दाखवावी, आणि त्याने नको म्हटले तर ती कितीही चांगली उतरलेली असली तरी वहीतच ठेवावी. मी मोठ्या अक्षरांत छापलेले चार कागद बाबांच्या हातात दिले आणि खोलीबाहेर गेले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेन्सिल होती. त्यांनी सगळ्या गोष्टीत एकच दुरुस्ती केली होती. चौथ्या परिच्छेदातल्या ‘तीनतीनदा’ या शब्दावर रेघ मारून वर बारीक, जुन्या वळणाच्या अक्षरात ‘दोनदा’ असे लिहिले होते.

“तिसऱ्यांदा मी कधी विचारलं नाही,” ते म्हणाले. “दोनदा विचारलं की थांबायचो. तुझा चेहरा दिसायचा मला.”

ज्या वाक्यापाशी माझा आवाज अडला होता, तेच हे वाक्य. त्यातला एक खोटा शब्द माझ्या आवाजाने पकडला होता, कारण तो मी जाणूनबुजून मऊ केला होता. दुसरा शब्द माझा आवाज शंभर वेळा वाचूनही पकडू शकला नसता, कारण तो खोटा आहे हे मला ठाऊकच नव्हते. माझ्या कंटाळ्याने ते दोन वेळा तिनाएवढे मोठे केले होते आणि मी ती संख्या खरी मानून चालले होते. बाबांनी कागद माझ्याकडे दिले आणि म्हणाले, “बाकी बरोबर आहे. वाच.”

त्या संध्याकाळी मी पाचवी होते. वाचणाऱ्याला श्रोत्यांचे चेहरे फारसे दिसत नाहीत, पण शांतता ऐकू येते, आणि शांततेच्या निरनिराळ्या जाती असतात हे मला तिथे कळले. लोक सभ्यपणे गप्प बसलेले असतात तेव्हा खुर्च्या करकरत राहतात, कोणीतरी घसा साफ करते, कागदाचा आवाज येतो. मग एका वाक्यानंतर हे सगळे बारीक आवाज एकदम थांबतात. प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाची मला तेव्हा आठवण झाली. त्यांनी एका तरुणीला तिच्या शाळेच्या दिवसांतली खरी गोष्ट मेंदूच्या स्कॅनरमध्ये सांगायला लावली आणि तिचे ध्वनिमुद्रण इतरांना स्कॅनरमध्येच ऐकवले. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल सांगणारीच्या मेंदूतल्या हालचालीशी, थोड्या वेळाच्या अंतराने, जुळत गेली, आणि काही भागांत तर ती सांगणारीच्या आधी येत होती, म्हणजे ऐकणारा पुढचे आधीच ताडत होता. मग त्यांनी लोकांना त्यांना न येणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली. आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते, आणि ते जुळणे नाहीसे झाले. हे प्रथम वाचले तेव्हा मी तो लेख बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. ऐकू येते आहे पण कळत नाही, अशा जागी माझे बाबा आमच्या घरात, आमच्याच भाषेत, कित्येक वर्षे बसलेले होते.

पॉडकास्टसाठी तीच गोष्ट मी पुन्हा वाचली, या वेळी एका बंद खोलीत, मुठीएवढ्या अंतरावर ठेवलेल्या मायक्रोफोनसमोर. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने ‘गार्डियन’मधल्या एका लेखात वापरला तो ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ यांची सांगड घालून. आयपॉड आता कोणाच्या खिशात नाही, शब्द मात्र टिकला. या वाचनाचे तंत्र वेगळे असते. ‘प’, ‘फ’ आणि ‘भ’ यांच्याबरोबर तोंडातून सुटणारी हवा मायक्रोफोनवर आदळून धप्पकन आवाज होतो, म्हणून तोंड जरासे तिरके ठेवायला सांगतात. कागद उलटायचा तर वाक्य संपवून, थांबून, मग उलटायचा. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा आवाज इथे खोटा वाटतो, कारण ऐकणारा एकटा असतो आणि तुम्ही थेट त्याच्या कानात बोलत असता. ध्वनिसंपादन करणाऱ्या मुलाने मला पहिली प्रत पाठवली तेव्हा ती फार गुळगुळीत वाटली. ‘रोज’ या शब्दाआधी मी दीड-दोन सेकंद थांबले होते. ती जागा त्याने दोष समजून काढून टाकली होती. मी त्याला ती परत घालायला सांगितली. त्या दीड सेकंदात मी जे गिळले होते तो गोष्टीचाच भाग होता.

ध्वनिमुद्रणाची एक बाजू मला अजूनही पूर्ण पेलत नाही. डेव्ह आयसे यांनी २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ‘स्टोरीकोर’ या उपक्रमाची ध्वनिमुद्रणाची पहिली खोली उघडली. तिथे जवळची दोन माणसे येऊन चाळीस मिनिटे एकमेकांशी बोलत, आणि त्यांची संमती असेल तर ते बोलणे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लोकजीवन केंद्रात कायमचे जतन होत असे. ही कल्पना थोर आहे यात शंका नाही. पण प्रत्यक्ष वाचनात सांगितलेली गोष्ट त्या संध्याकाळबरोबर मावळते, आणि ध्वनिमुद्रित गोष्ट राहते. पाच वर्षांनी मला ती वेगळी दिसू लागली, तरी तिच्यातली मी तेच बोलत राहीन. ज्यांच्याविषयी आपण बोलतो त्यांची संमती घेताना हा फरक त्यांना समजावून सांगणे मला आवश्यक वाटते. मी बाबांना सांगितले. ते म्हणाले, “राहू दे की. मला कुठे ऐकू येणार आहे?”

हे वाक्य त्यांनी सहज म्हटले होते, पण मला त्याने झोप लागू दिली नाही. त्यांच्याविषयीची गोष्ट कोणीही अनोळखी माणूस चालता चालता ऐकू शकत होता, आणि ज्याच्यावर ती आहे तो माणूस पुन्हा एकदा बाहेर राहत होता. मी संयोजकांना विनंती केली की भागाबरोबर त्याची संपूर्ण संहिताही द्यावी, फक्त माझ्या नाही, सगळ्यांच्याच गोष्टींची. ते मान्य झाले, आणि पहिल्या काही संहिता मीच बसून उतरवून काढल्या. ऐकून लिहिताना खूप गोष्टी कळतात. माणसे कुठे श्वास घेतात, कोणत्या नावाआधी थांबतात, कागदावर लिहिलेले सोडून कुठे एखादा शब्द जास्तीचा बोलून जातात, हे सगळे लिहायचे की नाही याचा निर्णय दर ओळीला घ्यावा लागतो. माझ्या संहितेत ‘रोज’च्या आधी मी कंसात ‘थांबते’ असे लिहिले.

पुढच्या वर्षी त्याच उपक्रमात मला ती गोष्ट पुन्हा वाचायला बोलावले आणि या वेळी बाबा आले. पहिल्या रांगेत, डावीकडे, माझ्या बरोबर समोर त्यांना खुर्ची दिली होती. श्रवणयंत्र त्यांनी आल्याआल्याच काढून खिशात ठेवले, कारण सभागृहातला गोंगाट त्यांना सहन होईना. त्यांच्या मांडीवर मोठ्या अक्षरांतले ते कागद होते, त्यांच्या स्वतःच्या दुरुस्तीसह. मी सुरुवात केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यानंतर वर पाहिले, तेव्हा त्यांचे बोट पहिल्याच ओळीवर होते. माझे ओठ हलताना पाहून त्यांनी वाचायला सुरुवात केली होती, पण मी पुढे निघून गेले होते. मी थांबले. त्यांचे बोट माझ्या ओळीपर्यंत येईपर्यंत थांबले, आणि मग ते बोट जितक्या वेगाने सरकत होते तितक्याच वेगाने वाचू लागले. त्यासाठी मला दर वाक्याला मान वर करावी लागत होती आणि माझा कागद मला जवळजवळ पाठच असल्यामुळेच ते जमले. चौथ्या परिच्छेदात ते एकदा थांबले, पेन्सिलीच्या खुणेवरून बोट फिरवले, आणि पुढे गेले. मीही तिथे तेवढीच थांबले.

सात मिनिटे झाली तेव्हा अजून दीड पान शिल्लक होते. घंटा वाजली. संयोजकांनी माझ्याकडे पाहिले, मी बाबांकडे पाहिले. त्यांना ती ऐकू आली नव्हती. त्यांचे बोट पुढच्या ओळीवर गेले होते, आणि मी ती ओळ वाचली.